आडवा ओरखडा

ड्वेन ह्यूबर्टला नाव मिळालं ही बातमी नडीनला खुद्द ड्वेननंच दिली. कॉलेजच्या मागच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता, फुकटात जेवण मिळाल्यासारख्या आवाजात.

"ऐकलंस का? मार्लिसनं काल माझं बारसं केलं. कांदा!" असं म्हणून त्यानं वाकवलेलं बोट डोळ्याच्या कोपऱ्याशी टेकवून पिळलं. हातांच्या भाषेत कांदा असाच म्हणतात.

"शोभतो तुला," नडीन म्हणाली.

"शोभणारच की. कच्चा कांदा घातल्याशिवाय मला सॉसेज उतरत नाही, आणि ती बिचारी रोज माझ्यासमोर हातभर अंतरावर. म्हणाली, ऐकू येत नाही म्हणून काय झालं, नाक शाबूत आहे माझं."

ड्वेन खो खो हसला. नडीनही हसली. मग गाडीत बसून तिनं दार लावून घेतलं आणि त्या कांद्याचा आणि तो खाणाऱ्याचा मनातल्या मनात यथेच्छ उद्धार केला.

आता कांदा म्हणवून घेण्यात हेवा वाटण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण बहिऱ्या माणसांत वावरलेल्याला ते बरोबर कळतं. त्यांच्यात प्रत्येकाचं हातांनी करायचं एक नाव असतं, आणि ते स्वतःचं स्वतः घेता येत नाही. ऐकू येणाऱ्यांनी एकमेकांना दिलेलं तर कुणी जमेतही धरत नाही. एखाद्या बहिऱ्या माणसानं तुम्हाला नीट न्याहाळावं, तुमच्यातलं काहीतरी उचलावं आणि ठरवावं की ही अमुक. गालावरचा व्रण, पुढे आलेले दात, सारखा चष्मा सावरायची खोड, असलंच काहीतरी उचलतात. भीडभाड अजिबात ठेवत नाहीत. पण एकदा नाव पडलं की तुम्ही त्यांच्यातले झालात. तोवर तुम्ही म्हणजे नुसती अक्षरं.

मार्लिसची दुभाषी असूनही नडीन अजून अक्षरंच होती. तिच्याविषयी काही बोलायचं झालं की मार्लिस बोटांनी एकेक अक्षर जुळवायची, एन, ए, डी, आय, एन, ई, अख्खं नाव, एकही अक्षर न गाळता. परक्या माणसाचं जुळवतात तसं.

तसं नडीनकडे एक नाव होतं. अठरा वर्षांपूर्वी ती चर्चच्या तळघरातल्या वर्गात ही भाषा शिकायला गेली, तेव्हा तिथल्या रॉथबाईंनी तिला नाव दिलं होतं, बोटांचा 'एन' करून काळजावर टेकवायचा. रॉथबाईंचे कान ठणठणीत होते. मार्लिसला पहिल्यांदा भेटली तेव्हा नडीननं मोठ्या प्रेमानं ते करून दाखवलं. मार्लिसनं विचारलं, "कुणी दिलं?" नडीननं सांगितलं. आईच्या चपला घालून मिरवणाऱ्या पोरीकडे पाहून हसावं तशी मार्लिस हसली, आणि तेव्हापासून तिनं अक्षरं धरली ती धरलीच.

आणि यंदाच दुसरा दुभाषी म्हणून आलेल्या या ड्वेनला तिसऱ्या आठवड्यात नाव! त्याचे आईवडील दोघंही बहिरे, म्हणजे लहानपणीचं एक नाव त्याच्याकडे होतंच. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी वाढायचं, ही जगाची रीतच आहे. नडीननं ही भाषा घाम गाळून मिळवली. दोन परीक्षा, तीन प्रमाणपत्रं, नवऱ्यानं सोडलेल्या घरात आरशासमोर बसून घालवलेले हिवाळे. ड्वेनला ती आईच्या दुधाबरोबर मिळाली. तीस वर्षं ट्रक चालवून झाल्यावर पाठ दुखायला लागली म्हणून हा गडी दुभाष्या झाला होता. उशिरा यायचा, शर्टावर मोहरीच्या सॉसचे डाग असायचे, बोटं अर्धवट उचलायचा. पण तो हात हलवायला लागला की मार्लिस खुर्चीत मागे रेलून बसायची. नडीनसमोर ती पुढे वाकून बसायची, नजर रोखून, वही तपासणाऱ्या मास्तरणीसारखी. हा फरक नडीनला पहिल्याच दिवशी दिसला होता आणि तेव्हापासून डोळ्यांत खुपत होता.

खरं तर मार्लिसला कॉलेजात आणलं नडीननं. दोन वर्षांपूर्वी चीजच्या कारखान्यात सुरक्षेची कसलीशी सभा होती, तिथे नडीन दुभाषी म्हणून गेली होती. चीजच्या विटा खोक्यांत भरणारी एक चोवीस वर्षांची पोरगी सभा संपल्यावर तिच्याशी बोलायला आली. टाक्या दुरुस्त करायला येणाऱ्या वेल्डरकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कुठे शिकवतात?" तिनं आधी एकदा दुसऱ्या गावातलं कॉलेज धरलं होतं, तिथे कधी दुभाषी यायचा, कधी नाही. निम्म्या वर्षात ती घरी परतली होती. नडीन तिच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली, तीन कप कॉफी प्यायली आणि दोघींना पटवून आली. बंदरावरच्या जहाजांच्या गोदीत वेल्डर हवेच असतात, तिथला पगार चीजच्या दुप्पट, आणि डोळ्यांवर काळी काच ओढल्यावर ऐकणारा आणि बहिरा सारखाच. या सगळ्या गोष्टी नडीनच्या. 'माझी मार्लिस,' असं ती फोनवर बहिणीला सांगायची.

त्या कॉलेजात फिलिस नावाची एक बाई होती. अपंग मुलांच्या सोयी बघणाऱ्या कार्यालयाची ती मुख्य. आंधळ्यांना पुस्तकं ऐकवायची व्यवस्था, कुणाला परीक्षेत जास्तीचा वेळ, कुणाला दुभाषी, सगळं तिच्या डोक्यावर. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दारातून आत किती आली ते मला सांगू नका. वर्ष संपताना, वसंतात, किती उरली ते सांगा." सहाव्या आठवड्यात ती स्वतः वर्गांत डोकावून कोण यायचं थांबलंय ते बघायची आणि फोन करायची. मार्लिसच्या बुधवारच्या वर्गाला तिनंच दोन दुभाषी नेमले होते. वर्ग तीन तासांचा. एकट्या माणसाचं डोकं तासाभरात शिणतं, मग हात चालू राहतात पण मधले शब्द गळायला लागतात, आणि गळल्याचं ज्याचं त्याला कळत नाही. म्हणून दोघांनी वीस-वीस मिनिटांनी बदलायचं. एक समोर उभा राहून हात हलवणार, दुसरा पुढच्या बाकावर बसून त्याला सुटलेला शब्द पुरवणार.

ड्वेनला काही सुटलं की तो खुशाल नडीनकडे बघायचा, शब्द उचलायचा आणि पुढे जायचा. वर कपाळावर हात मारून मार्लिसला सांगायचा, "या बाईनं वाचवलं." नडीन मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. ड्वेन बाकावर बसून शब्द दाखवतोय, आणि ही भिंतीकडे बघून काम करतेय. मरेन पण या कांद्याकडून शब्द घेणार नाही, असा तिचा पण होता.

कार्यशाळेत तर आणखी चरफड व्हायची. मार्लिस एकदा वेल्डिंगचं हेल्मेट खाली ओढून कामाला लागली की तिच्याशी बोलायची सोयच नसायची. दुभाष्यानं बाजूला पडद्याआड उभं राहायचं आणि ती हेल्मेट कधी वर करते त्याची वाट बघायची. पहिलं वर्षभर हेल्मेट वर झालं की मार्लिसची नजर थेट नडीनला शोधायची. कसं झालं? नडीनला वेल्डिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती मान डोलवायची. आता हेल्मेट वर झालं की नजर आधी ड्वेनकडे. ड्वेन तोंड वाकडं करून म्हणायचा, "कोंबडी चालून गेली काय गं यावरून?" आणि मार्लिस खिदळायची. वर्षभरात ती नडीनसमोर अशी खिदळली नव्हती.

फेब्रुवारीच्या मध्यावर फिलिस नडीनला जिन्यात भेटली. हातात कॉफी, चेहरा ओढलेला.

"नदीपलीकडच्या शाखेत एक नवा मुलगा आलाय, तोही बहिरा," ती म्हणाली. "त्याला दुभाषीच नाही. ऑनलाइन बघितलं, जाहिरात दिली, कुणी मिळत नाही. तुमच्या बुधवारचं एकावर भागेल का गं? मला माहितीय भागू नये. पण विचारते."

नडीनच्या तोंडाला पाणी सुटलं म्हटलं तरी चालेल.

"मी एकटी करेन," ती म्हणाली. "मार्लिसचं नि माझं जमलेलं आहे. ड्वेनला पाठव तिकडे."

"तीन तास, नडीन."

"आधी करतच होते की मी."

"आणि मार्लिस काय म्हणते? तिला विचारायला हवं. तिला चालणार असेल तरच."

नडीननं क्षणभर जिन्याच्या कठड्याकडे पाहिलं. "तिची काही हरकत नाही," ती म्हणाली. "मी बोलले तिच्याशी."

बोलली नव्हती. सगळं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं पोचवण्यात घालवलेली ही बाई, आणि तिनं मार्लिसच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं. घालून झाल्यावर तिला धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट जिना उतरताना ती गुणगुणत होती.

मार्लिसला तिनं सांगितलं, "ऑफिसनं ड्वेनला हलवलं."

मार्लिसचा चेहरा पडला. "मला न विचारता?"

"ऑफिसचं असंच असतं," नडीन म्हणाली.

मार्लिसनं खांदे उडवले. मग म्हणाली, "ठीक. त्या मुलाला तरी हसायला मिळेल." त्या दिवशी नडीननं घरी जाताना स्वतःसाठी केक घेतला, आणि तो कोरडा निघाला तरी पुरा खाल्ला.

मार्चमधल्या पहिल्या बुधवारी गुंडरसन सर वाकवून बघायच्या परीक्षेविषयी बोलत होते. दोन जाड पत्रे वेल्ड करून जोडायचे, त्यातून एक पट्टी कापायची, घासून गुळगुळीत करायची आणि प्रेसमध्ये घालून घोड्याच्या नालेसारखी वाकवायची. जोड फाटला तर नापास. फाटला नाही तरच गोदीवाले दारात उभं करतात. गुंडरसन सर म्हणजे एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण या परीक्षेवर ते तीन तास बोलले. तिसऱ्या तासाला नडीनचे खांदे भरून आले होते. डोक्यात गोंगाट होता. पोरं दप्तरं आवरायला लागली, आणि सर फळा पुसता पुसता, पाठमोरे, म्हणाले, "आणि पट्टी घासाल ती उभी घासा, लांबीच्या दिशेनं. आडवे ओरखडे ठेवलेत तर वाकवताना तिथूनच फाटेल."

नडीनच्या हातांनी मार्लिसला सांगितलं, "पट्टी नीट घासा, गुळगुळीत करा." बस. पुढचं बाकांच्या खडखडाटात कानांवरून गेलं, हातांत उतरलंच नाही. समोरच्या बाकावर शब्द पुरवायला कुणी नव्हतं.

पुढच्या सोमवारी परीक्षा झाली. मार्लिसचा जोड वर्गात सर्वांत देखणा होता. गुंडरसन सरांनी तो बोटानं चाचपून बघितला आणि त्यांची भुवई वर गेली. मग मार्लिसनं पट्टी घासली. खूप घासली, मनापासून घासली, चकचकीत केली. आडवी घासली. प्रेसनं पट्टी वाकवायला घेतली आणि अर्ध्यावर ती तोंड उघडावं तशी उघडली.

सरांनी पट्टी उजेडात धरली. "ओरखडे आडवे आहेत," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं, उभं घासा."

नडीननं ते हातांनी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला तो बुधवार आठवला. फळ्याकडे तोंड केलेले सर आठवले.

मार्लिसचे हात उडाले. दुभाष्यानं 'ती म्हणते' असं कधी म्हणायचं नसतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. आपण तिथे नाहीच असं समजायचं. म्हणून नडीनच्या तोंडून आलं, "मला नाही सांगितलं तुम्ही."

"अख्ख्या वर्गानं ऐकलं," सर म्हणाले. "बुधवारी, शेवटी. बाकी कुणाची पट्टी आडवी आहे का बघ. हे बघ पोरी, जहाजाचा जोड फुटला तर समुद्र सबबी विचारत नाही. पुन्हा परीक्षा मी सहसा देत नाही. सगळ्यांना एक नियम."

तेही नडीननं सांगितलं. मग मार्लिसनं तिच्याकडे पाहिलं. "बुधवारी शेवटी? सांगितलं होतं?"

हीच ती वेळ होती. नडीनचे हात वर आले आणि म्हणाले, "सांगितलं होतं."

ते खोटं नव्हतं. सरांनी सांगितलंच होतं. पण चोरानं देवळात शिरून घंटा वाजवावी तसला तो खरेपणा होता, आणि नडीनला ते त्याच क्षणी कळलं.

मार्लिसनं खाली पाहिलं. "मग माझं लक्ष नसेल. मी घड्याळ बघितलं असेल." फाटलेली पट्टी तिनं खिशात घातली.

गुरुवारी तिचा निरोप आला. शुक्रवारपर्यंत नाव काढून घेतलं तर नापासचा शिक्का लागत नाही. आईपण म्हणते, झालं तेवढं पुरे, कारखान्यात जागा आहे. उद्या खिडकीवर येशील का माझ्याबरोबर?

नडीन रात्रभर स्वतःची समजूत घालत राहिली. कारखान्यात का होईना, पोरीला काम आहे. शेवटी शब्द गळायचे ते कुणाकडूनही गळले असते. ड्वेनकडून तर हमखास गळले असते. पण ड्वेनकडून गळला असता तर बाकावर बसून मी पुरवला असता, आणि त्यानं घेतला असता. इथवर विचार आला की तिला पुढे जाता येईना.

शुक्रवारी प्रवेशाच्या खिडकीवर मोजकी माणसं होती. आत एक पोरगेला कारकून, च्युइंगगम चघळत. मार्लिसनं अंगात कारखान्याचं जुनं जाकीट घातलं होतं, बहुधा मुद्दामच. ती हातांनी बोलायला लागली आणि नडीन तोंडानं.

"मला वेल्डिंगच्या वर्गातून नाव काढायचंय," नडीन म्हणाली.

"कारण?" कारकुनानं मान वर न करता विचारलं. "लिहावं लागतं."

मार्लिसनं थोडा विचार केला. मग तिचे हात सावकाश हलले. नडीनला ते शब्द दिसत होते, एकेक स्वच्छ दिसत होता. तिनं तोंड उघडलं.

"माझ्यानं होणार नाही," ती म्हणाली. "जे सांगितलं ते मी नीट घेतलं नाही. चूक माझी आहे."

आणि तिथे ती अडकली. आवाज तिचा, तोंड तिचं, आणि वाक्य शब्द न् शब्द तिचंच होतं. आयुष्यात हजारो वेळा ती दुसऱ्याचा 'मी' बोलली होती. हा तिचा स्वतःचा होता, आणि कारकून तो मार्लिसच्या नावावर लिहायला निघाला होता.

"थांबा," नडीन म्हणाली. "लिहू नका."

मार्लिस चमकली. तिनं तर थांबायला सांगितलं नव्हतं.

नडीन वळली. आता ती तोंडानं आणि हातांनी एकदमच बोलायला लागली. दोन्ही भाषांचं भजं होतं म्हणून रॉथबाईंनी जे कधी करू नको म्हणून बजावलं होतं तेच. "हे मी बोलतेय. नडीन. तुझं नाही, माझं. बुधवारी सरांनी सांगितलं, उभं घास. मी तुला सांगितलंच नाही. मला ऐकू आलं, आणि हातांपर्यंत पोचलं नाही. थकले होते. तुझं लक्ष होतं. माझं नव्हतं."

मार्लिस बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून नव्हता. "थकतात माणसं," ती म्हणाली. "म्हणून तर दोघं असतात. ऑफिसनं ड्वेनला हलवलं, त्याला तू काय करणार?"

पुढचं तिला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. माफी अर्धी पदरात पडली होती. हात खाली घ्यायचे आणि मुकाट घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

"ऑफिसनं नाही हलवलं," नडीन म्हणाली. "फिलिसनं तुला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. तुझी हरकत नाही असं मीच सांगून टाकलं."

"का?"

"त्याला तू नाव दिलंस म्हणून."

आता मात्र मार्लिसचा चेहरा लाल झाला. तिचे हात इतक्या जोरात आदळले की खिडकीतला पोरगा गम चघळायचं विसरला.

"लहानपणापासून हेच! डॉक्टरकडे आई बोलायची, शाळेत बाई बोलायच्या. तिला चालेल, तिची हरकत नाही, तिला कळत नाही! शब्द गळला तर गळू दे, ते मी सोडते. पण तू माझ्याऐवजी हो म्हणालीस? तू? तुझं काम काय आहे गं?"

नडीनला रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला कळत होतं.

"ही काय म्हणाली?" कारकुनानं विचारलं.

मार्लिसनं हात पुढे करून त्याच्यासमोरचा कीबोर्ड त्याच्याच बाजूला सरकवला आणि बोटानं 'नाही' अशी खूण केली. ती खूण समजायला दुभाषी लागत नाही. मग नडीनला म्हणाली, "कांद्याला बोलाव. गुंडरसनकडे मी त्याच्याबरोबर जाणार. तू नकोस."

नडीननं तिथे उभ्याउभ्याच ड्वेनला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं, पोटदुखीसकट. पलीकडे ड्वेन काही तरी चावत होता.

"म्हणजे तू कांद्यावर जळलीस?" तो म्हणाला. "अगं बाई, मी घरी बायकोला सांगितलंसुद्धा नाही ते नाव. जन्मभर चिडवेल." मग चावणं थांबलं. "वीस मिनिटांत पोचतो. नदीच्या पुलावर बर्फ आहे."

फिलिसकडेही ती स्वतःच गेली. फिलिसनं सगळं ऐकून घेतलं, आणि तिची जीभ तशी तिखट असूनही ती एवढंच म्हणाली, "तीन मुलं गेली यंदा माझी. चौथी तू घालवत होतीस." बुधवार पुन्हा दोघांचा झाला, ड्वेन आणि दर आठवड्याला लांबून गाडी हाणत येणारी एक नवी मुलगी. नडीनला नदीपलीकडची शाखा मिळाली. तिथला मुलगा अबोल होता आणि तिला अक्षरांनीच ओळखत होता, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

गुंडरसन सरांनी काय म्हटलं ते तिला ड्वेनकडून कळलं. "बायकांच्या भांडणात माझा जोड गेला," असं पुटपुटले आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा परीक्षा लावली.

मंगळवारी नडीनला सुट्टी होती. जायचं नाही, असं तिनं सकाळी ठरवलं होतं. दुपारी ती कार्यशाळेमागच्या पार्किंगमध्ये उभी होती, बर्फाच्या राबडीत, लांबलचक खिडकीपासून चार हात दूर. आत तिला मार्लिसची पाठ दिसत होती, आणि प्रेसजवळ गुंडरसन सर, आणि ड्वेन, शर्टावर नवा डाग घेऊन. हेल्मेट वर झालं तेव्हा मार्लिसनं आधी ड्वेनकडेच बघितलं. नडीनच्या पोटात तसंच दुखलं. इतकं सगळं होऊनही दुखलं, आणि दुखायचं तर दुखू दे, असं ती स्वतःशी म्हणाली.

मार्लिसनं पट्टी घासायला घेतली. उभी, लांबीच्या दिशेनं, एकसारखी. मग प्रेस. नडीनला काहीच ऐकू येत नव्हतं; काचेतून काय ऐकू येणार? सर वाकले. मार्लिस वाकली. ड्वेनचा अख्खा देह मध्ये आला. बाहेर नडीन टाचा उंचावून बघत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की आत काय चाललंय.

मग मार्लिस वळली आणि तिला खिडकीत नडीन दिसली.

ती खिडकीपाशी आली आणि तिनं पट्टी काचेला टेकवली. घोड्याच्या नालेसारखी वाकलेली, अखंड, कुठे केसाएवढीही चीर नाही.

काचेची एक गंमत आहे. ऐकणाऱ्यांना ती तोडते, हातांनी बोलणाऱ्यांना नाही. नडीननं हातमोजे काढून खिशात कोंबले. "जाते मी," ती म्हणाली. "फक्त बघायला आले होते."

मार्लिसनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती ड्वेनकडे वळून काहीतरी म्हणाली, नडीनकडे अंगठा दाखवून. अक्षरं जुळवली नाहीत. एका बोटानं डाव्या मनगटावर सरकन एक रेघ ओढली.

ड्वेननं डोकं मागे टाकून हसायला सुरुवात केली.

"काय म्हणालीस?" नडीननं काचेबाहेरून विचारलं. तिचे हात गारठले होते. "ती रेघ म्हणजे काय?"

"तू," मार्लिस म्हणाली. "ओरखडा."

नडीनच्या ओठांवर नकळत हसू यायला लागलं.

"हसू नकोस एवढ्यात," मार्लिस म्हणाली. ती स्वतः हसत नव्हती. "मी अजून चिडलेली आहे. गुरुवारी बोलिंगच्या हॉलवर आमची सगळी मंडळी कॉफीला जमतात. तू येशील. आणि नाव कसं पडलं ते विचारतीलच, नेहमी विचारतात. प्रत्येकाला तूच सांगायचं. सगळं. दुसरं कुणी तुझ्याऐवजी सांगणार नाही."

"येईन," नडीन म्हणाली.

मग तिच्यानं राहवलं नाही. तिनं डावी बाही वर सारली आणि गारठलेल्या बोटानं हातावर एक रेघ ओढली, कोपरापासून मनगटापर्यंत, लांब, उभी.

मार्लिसनं पट्टीनंच काचेवर टकटक केलं आणि मान हलवली. मग आपला हात वर धरून तिनं पुन्हा करून दाखवलं, हळू, पहिल्या दिवशीच्या पोरांना दाखवतात तसं. आडवी.